टेकला, वस्ताद

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे, आणि मी वाकडा लोंबतो असं या घरात येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांचं मत आहे. ते ऐकून माझं डोकं फिरतं. वाकडं लोंबणं मला जमतच नाही. मी जड आहे आणि दोरीला बांधलेला आहे, म्हणून मी सरळ खाली जातो. यात माझी हुशारी नाही की पुण्याई नाही. पण ज्यांना माझ्यासमोर हुशारी सुचली त्यांचं पुढे काय झालं ते मी पाहिलं आहे, आणि तेच तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट गोड नाही. गोड हवी असेल तर पलीकडच्या आरशाकडे जा, तो ज्याला त्याला आवडेल तेच दाखवतो.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. मी पेरूएवढा आहे, खाली निमुळता. माझ्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या जाडीइतकाच एक लाकडी ठोकळा असतो. एक गवंडी बांबूफळ्यांच्या परांचीवर चढतो, ठोकळा भिंतीच्या वरच्या कडेला धरतो आणि मला खाली सोडतो. दुसरा गवंडी खाली उभा राहून मी हलायचा थांबेपर्यंत वाट बघतो. मी भिंतीला जेमतेम टेकलो तर भिंत सरळ. मध्ये फट राहिली तर भिंत पुढे झुकली. खालचा माणूस ओरडून सांगतो, ‘टेकला’ किंवा ‘फट’. वरच्याला वरून नीट दिसत नाही, म्हणून तो खालच्याच्या शब्दावर पुढची वीट ठेवतो. तुम्ही ज्या घरात झोपता ते अशाच कुणाच्या तरी शब्दावर उभं आहे.

मला ज्या ओताऱ्याने ओतलं, त्याच्या दुकानात घंटा, नळाच्या तोट्या आणि दाराच्या मुठी होत असत. एका घंटेचं पितळ उरलं, ते माझ्या वाट्याला आलं. घंटा झालो असतो तर निदान बोंबलता तरी आलं असतं. ओताऱ्याने मला कानशीने घासलं, हातावर तोलून पाहिलं आणि गवंड्यांच्या एका टोळीला विकून टाकलं.

त्या टोळीत एक रीत होती. ज्याच्या कमरेला मी, तो वस्ताद. त्याने भिंत उतरवा म्हटलं की उतरवायची, मग ती कुणीही बांधलेली असो. मी बापाकडून मुलाकडे जात नसे. जुना वस्ताद थकला की तो टोळीतला एक माणूस निवडून आपल्या हाताने मला त्याच्या हातात देई. प्रत्येक गवंड्याची आपली एक खूण असे, काम संपलं की शेवटच्या ओल्या थरात तो ती उमटवी. जो वस्ताद होई त्याची खूण माझ्या टाळूवरही कोरली जाई, नेमकी दोरीच्या गाठीखाली. गाठ सोडल्याशिवाय ती दिसत नसे. मोठेपण झाकून ठेवायचं असतं, असं त्या जुन्या लोकांचं म्हणणं होतं.

मी ज्यांच्या कमरेला सर्वांत जास्त काळ होतो ते वस्ताद बोलायला तिखट आणि मनाने मऊ होते. विटांची गाडी आली की दोन विटा उचलून एकमेकींवर वाजवत. खणखणीत आवाज आला तर गाडी उतरवून घेत. ‘ठप’ असा आवाज आला तर म्हणत, “कच्ची आहे बाबा, परत ने. घरी चूल बांध तिची.” त्यांच्या हाताखाली एक गवंडी होता. अंगाने ताडमाड, म्हणून सगळे त्याला उंच्या म्हणत. त्याची खूण होती शिडी.

मित्रांनो, हा उंच्या वाईट माणूस होता असं समजू नका. तसं असतं तर मी ही गोष्ट सांगायची तसदी घेतली नसती. वाईट माणूस वाईट वागला यात सांगण्यासारखं काय आहे? उंच्या त्या टोळीतला सर्वांत चांगला होता. एकदा त्याने स्वतः बांधलेल्या भिंतीखाली उभं राहून मला पाहिलं. फट होती, नखाएवढी. वरच्याला ती दिसत नव्हती आणि इतर कुणाचं लक्षही नव्हतं. उंच्याच ओरडला, “फट,” आणि दिवसभराचं काम आपल्या हाताने उतरवलं. लोक हसले. वस्ताद हसले नाहीत. त्या दिवसापासून मला खाली बघायचं काम उंच्याचं झालं. मलाही तो आवडायचा. त्याच्या नजरेखाली मी लवकर स्थिर व्हायचो.

मग शाळेच्या मोठ्या इमारतीचं काम आलं. एका दुपारी वस्तादांनी उंच्याला वाळूच्या ढिगामागे बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मला खालचं दिसत नाही रे आता. सगळं धुक्यासारखं. एवढी शाळा उभी राहिली की मी थांबतो. तोवर तू माझे डोळे. कुणाला बोलू नकोस.”

“नाही बोलणार, वस्ताद,” उंच्या म्हणाला. तेव्हा तो ते मनापासून म्हणाला होता. मी पाहिलं आहे.

तो गेल्यावर वस्ताद तिथेच बसून राहिले. त्यांनी माझी गाठ सोडली, एक खिळा घेतला आणि चाचपडत माझ्या टाळूवर शिडी कोरली. डोळे धड नव्हते, त्यामुळे शिडीची एक पायरी तिरकी गेली. मग पुन्हा गाठ मारली आणि मला अंगरख्याला पुसलं. मी मनातल्या मनात नाचत होतो. योग्य हातात जाणार, याहून जास्त एका ओळंब्याला काय हवं असतं?

पण विटांचा एक भट्टीवाला होता. त्याच्या गाड्या वस्तादांनी इतक्यांदा परत पाठवल्या होत्या की त्याचे बैल आपणहून मागे वळत, असा विनोद टोळीत चाले. हा वीटवाला म्हणजे तोंडात साखर आणि पोटात सुरी. तो उंच्याच्या शेजारी जाऊन बसायला लागला. पहिल्या दिवशी नुसतं कौतुक. दुसऱ्यांदा म्हणाला, “काम सगळं तुझं आणि नाव म्हाताऱ्याचं. चालायचंच.” असं थेंब थेंब करत त्याने उंच्याचे कान भरले. एक दिवस सहज बोलल्यासारखं बोलला, “ओळंबा गिलावेवाल्याला जाणार म्हणे. वस्ताद रोज त्याच्याबरोबर चहा पितात, ते काय उगीच?”

गिलावेवाला म्हणजे उंच्याचा लहानपणापासूनचा सोबती. भिंतींना गिलावा करायचा आणि दिवसभर शीळ घालायचा. वस्ताद त्याच्याबरोबर चहा पीत, कारण तो चहा चांगला करी. एवढंच कारण होतं. पण उंच्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्या दिवसांत माझी दोरी मेणात ओढायला म्हणून उंच्या मला संध्याकाळी घरी नेत असे. दोरी मेणात ओढताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“शाळा होईपर्यंत धीर धरा,” ती म्हणाली. “तुम्हालाच देतील.”

“आणि नाही दिला तर?”

“नाही दिला तर नाही दिला. आपलं काय अडलंय?”

“तुला नाही कळायचं,” तो म्हणाला. माझी गाठ त्याच्या अंगठ्याखाली होती. सोडली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मी होतो.

वीटवाल्याने शेवटचा घाव मोठा बेताने घातला. “तुला काही करायचं नाहीये,” तो म्हणाला. “फक्त एकदा बघू नकोस. भिंत काय, चढताना चुकतेच.”

हे तर खरंच आहे, मित्रांनो. भिंत चढताना चुकतेच. हात माणसाचा आहे, थोडं इकडेतिकडे होणारच, म्हणून तर मला टांगतात. चुकली तर विटा काढायच्या आणि पुन्हा बसवायच्या, त्यात लाज कसली? लाज पुढच्या गोष्टीत आहे. दुसऱ्या दिवशी वस्ताद जिन्याच्या भिंतीवर चढले, ठोकळा धरला, मला सोडलं. मी झुललो, थांबलो. माझ्यात आणि भिंतीत दोन बोटांची फट होती. उंच्या माझ्यासमोर उकिडवा बसला होता. त्याने फट पाहिली. इतकी नीट पाहिली की त्याची पापणी हलली नाही.

“काय रे?” वरून आवाज आला.

“टेकला, वस्ताद,” उंच्या म्हणाला.

वर विटा चढत गेल्या. प्रत्येक वेळी मला सोडलं गेलं, प्रत्येक वेळी फट वाढलेली होती आणि प्रत्येक वेळी तोच शब्द वर गेला. पहिल्यांदा म्हणताना त्याचा आवाज फाटला होता. शेवटी शेवटी तो सहज म्हणायला लागला, जसं कुणी विचारल्यावर आपण ‘बरं आहे’ म्हणतो.

इंजिनिअरसाहेब पाहणीला आले तेव्हा भिंत झुकलेली उघड्या डोळ्यांना दिसत होती. वीटवाल्याने त्यांना आधीच गाठलं होतं, हे सांगायला नकोच. साहेबांनी वरून एका गवंड्याला मला सोडायला लावलं आणि वस्तादांना म्हणाले, “तुम्हीच सांगा.” सगळी टोळी गोळा झाली होती. वस्ताद खाली वाकले, माझ्याकडे तोंड करून बराच वेळ थांबले. मी त्यांच्या डोळ्यांसमोर होतो आणि त्यांना दिसत नव्हतो. त्यांनी उंच्याने दिलेला शब्दच परत दिला. “टेकलाय की.”

आख्खी मूठ जाईल एवढी फट होती. कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याला दिसतच नाही, आणि हसू थांबलं.

वस्तादांनी हात पुढे करून फट चाचपली. मग मान वळवली, जिथे उंच्या उभा असायचा त्या बाजूला. त्यांनी त्याचं नाव घ्यायला हवं होतं. मी ओरडून सांगत होतो, पण पितळेला कोण विचारतो? त्यांनी मला दोरीसकट विटांवर ठेवलं, अंगरखा झटकला आणि निघून गेले. भिंत उतरवली. वीटवाल्याने ‘आता उंच्याशिवाय आहे कोण’ असं म्हटलं, चारजणांनी माना डोलावल्या, आणि उंच्याने मला आपल्या हाताने उचललं. मला त्याच्या हातात कुणी दिलं नाही, हे लक्षात ठेवा.

घरी जाऊन त्याने खिळा घेतला आणि आपली शिडी कोरायला माझी गाठ सोडली. शिडी तिथे आधीच होती. एक पायरी तिरकी.

त्याने त्या तिरक्या पायरीवरून अंगठा फिरवला. बायको चहा घेऊन आली. “हे कुणी कोरलं?” तिने विचारलं.

“मीच,” तो म्हणाला आणि गाठ घट्ट आवळली.

खरं कळलं की माणूस सुधारतो, असं तुम्हाला पुस्तकातून शिकवतात. मीही तेव्हा तसंच समजत होतो. मला वाटलं, हा आता उठेल, वस्तादांकडे जाईल, पाय धरेल. तो उठला आणि जेवायला बसला. जे आपलंच होतं ते आपण चोरलं, हे ज्याला कळतं तो दुसऱ्या कुणालाही ते कळू नये यासाठी काय वाटेल ते करतो.

आणि एकाला ते कळलेलंच होतं. गिलावेवाला एका दुपारी त्याला बाजूला घेऊन म्हणाला, “त्या दिवशी मी पलीकडे वाळू चाळत होतो. फट मला दिसत होती, उंच्या. म्हटलं, तू सांगशील.”

उंच्या माझी दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

“मी कुणाला सांगणार नाही. तू फक्त एकदा वस्तादांकडे जाऊन ये. मीही येतो बरोबर.”

“जाऊ,” उंच्या म्हणाला. “रविवारी जाऊ.”

शनिवारी त्याने मला गिलावेवाल्याच्या पिशवीत टाकलं, जेवणाच्या डब्याखाली. आणि मग ओळंबा हरवला म्हणून साऱ्या टोळीला कामावरून खाली बोलावलं. पिशव्या उलट्या केल्या तेव्हा मी भाकरीच्या तुकड्यांबरोबर घरंगळत सगळ्यांच्या पायाशी आलो. माझ्या सबंध आयुष्यात मी एकच खोटी साक्ष दिली, आणि ती माझ्याकडून बळजबरीने देववली. गिलावेवाल्याने मला पाहिलं, मग उंच्याला पाहिलं. “असं होय,” एवढंच तो म्हणाला. चोर म्हणून त्याला हाकललं. त्यानंतर त्याला कुणी काम दिलं नाही, आणि आमच्या भिंतींवरची शीळ बंद झाली.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. उतारावर गाडी ढकलावी लागत नाही. विटा वाजवून बघणं बंद झालं. वीटवाल्याच्या गाड्या थेट आत यायच्या आणि उतरायच्या. उंच्या परांचीवर चढेनासा झाला, मग गवंडी राहिला नाही, मग त्याला सगळे साहेब म्हणायला लागले. वीटवालासुद्धा ‘अहो साहेब’ म्हणे आणि मागून डोळा घाली. मला आता कामाला काढत नसत, भिंतींना दुसरेच ओळंबे लावत. नव्या इमारतीचा फोटो काढायचा असला की साहेब मला हातात धरून उभे राहत. कुणी नवखा गवंडी खालून ‘फट’ म्हणाला तर त्याला दुसऱ्या दिवशी काम नसे. कुणी ‘टेकला’ म्हणाला तर त्याला पगारवाढ. माणसं काही मठ्ठ नसतात. सगळी टोळी थोड्याच दिवसांत एकाच सुरात ‘टेकला’ म्हणायला शिकली.

वस्ताद वारले तेव्हा उंच्या गेला होता. मी त्याच्या कोटाच्या खिशात होतो, का ते त्यालाच माहीत. वस्तादांची बायको त्याला बघून उठली. ती म्हणाली, “आलास का बाळा? ते शेवटपर्यंत म्हणायचे, त्या दिवशी पोराची नजर चुकली असेल. माणूस आहे, व्हायचंच.”

उंच्याने मला खिशात मुठीत घट्ट धरलं होतं. माझं टोक त्याच्या तळव्यात रुतलं. “हो काकू,” तो म्हणाला. बाहेर येऊन त्याने रुमालाने हात पुसला आणि वीटवाल्याच्या गाडीत बसला.

शेवटी त्याने स्वतःचं घर बांधलं. हेच घर, जिथून मी बोलतो आहे. विटा अर्थातच घरच्या वीटवाल्याच्या, गवंडी अर्थातच सगळे ‘टेकला’वाले. घराला उंची चांगली आहे. बायको नव्या घरात आली, पण तोवर तिने त्याला काही सांगायचं सोडून दिलं होतं. काही वर्षांनी बैठकीच्या खोलीचं दार लागेना. लावलं की आपोआप उघडायचं. त्याच्या लहान मुलीचा चेंडू जमिनीवर ठेवला की एका कोपऱ्यात जाऊन बसायचा.

तोवर उंच्यालाही खालचं दिसेनासं झालं होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. सांगायला वाळूचा ढीग होता, पण ढिगामागे बोलवावा असा माणूस नव्हता.

एका सकाळी त्याने मला पेटीतून काढलं. शिडीवर चढला, बैठकीच्या भिंतीच्या वरच्या कडेला ठोकळा धरला आणि मला सोडलं. किती वर्षांनी मी पुन्हा कामाला लागलो होतो. झुललो, थांबलो.

“काय दिसतंय?” त्याने वरून विचारलं. खाली त्याचा मुकादम होता.

“टेकला, साहेब,” मुकादम म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलंही नव्हतं.

वीटवाला सोफ्यावर बसला होता. “अगदी चिकटून,” तो म्हणाला.

मुलगी दारात उभी होती. आता ती मोठी झाली होती. “तू सांग ग,” तो तिला म्हणाला, आणि त्या हाकेत काय होतं ते मला ओळखू आलं. वस्ताद ‘काय रे’ म्हणत तेव्हा तेच असायचं. मुलीने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. ‘फट’ म्हणणाऱ्यांचं काय होतं ते ती लहानपणापासून बघत आली होती.

“टेकला, बाबा,” ती म्हणाली.

सगळे आपापल्या कामाला गेल्यावर तो शिडी उतरला. ठोकळा त्याने वर खिळ्याला अडकवून ठेवला होता, त्यामुळे मी तसाच लोंबत होतो. तो माझ्यापाशी आला आणि त्याने हात पुढे केला, चाचपडत, वस्तादांनी केला होता तसाच. त्याची मूठ माझ्यात आणि भिंतीत सहज गेली. नुसती गेली नाही, फिरली. मला त्याचा राग होता, तरी त्या क्षणी मला त्याची दया आली, हे मी कबूल करतो. म्हटलं, आता तरी म्हण. एकच शब्द आहे. तूच तो सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणायचास.

त्याने भिंतीवर कपाळ टेकवलं आणि अगदी हळू म्हणाला, “टेकला, वस्ताद.”

मग त्याने माझी दोरी गुंडाळली. त्यानंतर तो फार दिवस जगला नाही.

आता हे घर मुलीचं आहे. बापाची आठवण म्हणून तिने मला घासूनपुसून लखलखीत केलं आणि बैठकीत त्याच भिंतीला खुंटीवर टांगलं. भिंत झुकली आहे आणि मी सरळ आहे, त्यामुळे आम्हा दोघांचं जमत नाही. पाहुणे चहा पिता पिता म्हणत, “ते वाकडं लटकतंय बघा.” ऐकून ऐकून ती कंटाळली. परवा तिने एक खिळा आणि तार आणली. माझ्यामागची फट ती काही वेळ बघत राहिली. तिने एकदा भिंतीमागच्या खोलीकडेही पाहिलं. मग मला तारेने ओढून भिंतीला घट्ट बांधलं, दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, “आता टेकला.”

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तूंनी ‘आम्हाला जपा’ म्हणायचं असतं. मला जपू नका. मला जपलेलंच आहे, तारेने. तुमच्या घरात कुणी ‘फट आहे’ म्हणालं तर त्याच्यावर वसकन ओरडू नका. त्याला बसायला द्या, पाणी द्या, आणि मग भिंत उतरवायला घ्या. आणि कधी या घरी आलात तर चहा नंतर प्या, आधी माझी तार सोडा. मी थांबेपर्यंत वाट बघा आणि जे दिसेल ते मोठ्याने सांगा. या भिंतीच्या पलीकडे तिचं बाळ झोपलेलं असतं. ते जागं झालं तरी चालेल.